अकरानंतर वीस

डॉक्टर कुलथ्यांनी टॉर्च मारला तोंडात
आणि म्हणाले, हात-पाय-तोंड.
मला वाटलं, अजून काही सांगतील.
पण रोगाचं नावच तेवढं,
जणू कुणी घाईत अंगाची यादी करायला बसला
आणि तिथेच उठला.
याला औषध नाही, म्हणाले. सात दिवस आहेत.

ते सात दिवस घेऊन आम्ही रिक्षाने घरी आलो,
ऐरोली, सेक्टर आठ,
रुंजीच्या लाळेने माझी बाही ओली.
पाळणाघराच्या ग्रुपवर कळवलं.
सगळ्यांनी लिहिलं, काळजी घ्या.
दिवितच्या आईने काहीच लिहिलं नाही.
तेव्हा कळलं, आधी कुणाकडे होतं.

उत्तराला सातवा. तिला कळव्याला बहिणीकडे धाडलं.
रात्री फोनच्या काचेवर रुंजी तळहात दाबते,
तिकडून उत्तराही दाबते,
आणि दोघींना दिसतो नुसता काळोख.

गिळणं हे काम असतं
हे मी विसरलोच होतो, इतकी वर्षं गिळून.
ती दुधाकडे बघते, मग माझ्याकडे,
मीच त्यात काही कालवलंय अशी.
दही, गार. नको.
नाचणीची पेज, गार करून. नको.
पहाटे पावणेतीनला, उघड्या फ्रीजच्या उजेडात
आम्ही फरशीवर बसून एकच बर्फाचा खडा चोखला,
आळीपाळीने.
भांडी वेगळी ठेवा, असं बजावलं होतं मला.

माढवीकाकू दाराच्या कडीला पिशवी अडकवून गेल्या.
बेल वाजवून जिन्यातूनच ओरडल्या,
आत नाय येत रे, घरात नातू हाय.
पिशवीत शहाळ्याचं पाणी, कडुलिंबाची डहाळी.
पाणी पाजलं. डहाळी टाकवेना,
ग्रिलला बांधली,
पलीकडे हाय-टेन्शनच्या तारा रात्रभर गुणगुणत.

दिवसा आम्ही फोड मोजतो.
तिला अकरापर्यंत येतं, अकरानंतर थेट वीस.
मी दुरुस्त करत नाही.
बारा ते एकोणीस, तेवढेच आठ कमी.

पाचव्या दिवशी तिने भात मागितला.
चमचा स्वतः धरला, निम्मा सांडला.
मी ओट्याकडे तोंड करून
धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली.

मग उत्तरा परत आली, पाळणाघर सुरू झालं,
आणि महिन्याभराने, सगळं विसरल्यावर,
रुंजी मूठ मिटून आली.
आत अंगठ्याचं नख. अख्खं.
लसणाच्या सालीएवढं हलकं.
बाबा, चिकटव.

डॉक्टर फोनवर म्हणाले, होतं असं, नवं येतंय ना खाली?
येत होतं. अर्ध्यापर्यंत, मऊ.

तोवर ती आईजवळ बसून बोटं मोजत होती.
एकेका नखावर बोट ठेवून दहा.
गळलेलं नख पुढे करून, अकरा.
मग जरा थांबली,
उत्तराच्या पोटावर हात ठेवला
आणि म्हणाली, वीस.