निवडणं

शनिवारी रात्री आई तपकिरी घेवडा निवडायची,
कारण रविवारी आमच्याकडे सुरीलाही सुट्टी.
चांगला दाणा पातेल्यात, किडका टेबलाच्या कडेला.
मी विचारलं होतं एकदा, सात वर्षांची असेन,
देवही असाच बसतो का गं, ताट मांडीवर घेऊन?
तिचा हात थांबला नाही.
"तो जगाच्या आधीच निवडून बसलाय, याकोमिना."
आणि एक दाणा, मला तर बरा दिसला,
कडेला सारला.

आमचं गाव समुद्राच्या पातळीखाली.
झीलंडमध्ये हे कुणी मुद्दाम सांगत नाही,
जसं आपण जिवंत आहोत हे कुणी सांगत नाही.
बांधापलीकडची जहाजं
आमच्या छपरांवरून चालल्यासारखी जायची.

बाबा मंडळीत वडील होते. घरातही वडीलच.
काळा कोट, आणि कोटातून बाहेर लोहाराचे हात.
चर्चच्या बाकावर ते आम्हाला तीन पेपरमिंट द्यायचे:
एक प्रार्थना संपली की, एक उपदेश लांबला की,
तिसरी नरक आला की.

लस टोचणारी परिचारिका आली त्या वर्षी
बाबांनी तिला कॉफी दिली, दोन बिस्किटं दिली,
आणि दारापर्यंत पोचवली.
जे येईल ते त्याच्या हातून येईल, एवढंच म्हणाले.
ऑगस्टात एका सकाळी मारिनुस पलंगावरून उतरला
आणि त्याचा डावा पाय उतरला नाही.

मग बाबांनी भट्टी पेटवली.
दोन पट्ट्या, गुडघ्याशी बिजागरी, चामड्याचे बंद.
इतकं सुबक काम त्यांनी कुणासाठीच केलं नव्हतं.
रात्री घणाचा आवाज यायचा, मधेच थांबायचा.
थांबला की मी श्वास धरून ठेवायची.

मारिनुसनंच विचारलं, जेवताना, अकरा वर्षांचा:
"समुद्र कुणाचा?"
"देवाचा."
"भरती कोण पाठवतं?"
"तोच."
"मग आपण बांध का घालतो?"
बाबा पाव कापायला लागले. कापतच राहिले.
एवढे तुकडे आमच्यात कुणी खाणार नव्हतं.

वर्षातून चारदा प्रभुभोजनाचं पांढरं कापड अंथरायचे,
चांदीचा पेला, आणि बाकांवरून कुणी उठायचं नाही.
तीनशे माणसांतून सात. फार तर आठ.
बाकीच्यांना आपण निवडलेले आहोत याची खात्री नव्हती.
आई अठ्ठेचाळीस वर्षं मागच्या बाकावरून तो पाव बघत आली.
वास येतो, म्हणायची. ताजा असतो.

माझ्या मुलीला मी मिडलबर्गला नेलं, कुणाला न सांगता.
सुई टोचली तेव्हा खिडकीतून वर बघितलं.
आकाश आमच्याकडे असतं तसंच, गरजेपेक्षा मोठं.
त्या दिवशी वाटलं, मी देवाला सोडलं.
पुढे वाटलं, बाबांना.
हल्ली वाटतं, त्या सुईमागेही त्याचाच हात असेल,
पण हे मोठ्यानं म्हणवत नाही,
कारण मग त्या ऑगस्टातला ताप कुणाचा
तेही सांगावं लागेल.

मारिनुस बांधखात्यात लागला. चर्चला येत नाही.
वादळ उठलं की गाडी बांधावर लावतो
आणि काचा वर करून जुनी स्तोत्रं म्हणतो,
आमच्या गावच्या चालीवर, एकेका अक्षराला एक श्वास.
कुणासाठी, असं विचारलं
तर म्हणतो, गळा तपासतोय.

ऐंशीव्या वर्षी बाबांनी मोतीबिंदू काढून घेतला.
मी काहीच बोलले नाही. तेच म्हणाले, डोळ्यावर पट्टी,
"मारिनुसला सांगू नकोस."
गाडी गावात शिरता शिरता:
"नाही. सांग."

आई गेली त्याच्या आदल्या आठवड्यात
मी घरातलाच पाव मोडला, लोणी न लावता,
आणि तिच्या जिभेवर ठेवला.
मी पाळक नाही. माझा विश्वास ओल धरलेल्या भिंतीसारखा,
कुठे पक्का, कुठे नुसता पोपडा.
तिनं सावकाश चावला.
"कालचा आहे," म्हणाली,
आणि तोंड परत उघडलं.