लाभार्थी संख्या त्रेचाळीस

आमची फिरती गाडी म्हणजे जुनी रुग्णवाहिका.
आत वाघाची कवटी, गव्याचं एक शिंग,
बरणीत सायाळीचे काटे,
पावलांच्या ठशांचे प्लास्टरचे साचे
आणि शिक्षण विभाग, म्हणजे मी.
हिरामण गाडी चालवतो
आणि शाळेचं फाटक आलं की हुप्प करतो.

पिपरटोल्यात पोरं आधीच पटांगणात बसलेली.
मी नेहमीसारखी इतिहासापासून सुरुवात केली:
शहरातल्या बागेची पहिली वही
अजून कपाटात आहे, कसरीनं खाल्लेली.
कुण्या साहेबाच्या बायकोला करमेना म्हणून दोन मोर,
कुण्या जमीनदाराला खटला जिंकायचा होता म्हणून
बैलगाडीतून आलेलं अस्वल,
मग बिबट्या, मग मगर, मग तिकीट, एक पैसा.
वहीच्या उजव्या रकान्यात कोण केव्हा मेलं ते आहे.
तो रकाना मी शाळांत सांगत नाही.

मग साचा उचलून धरला. हा पंजा कुणाचा?
मागून एक पोरगा, उभा न राहताच:
‘वाघीन हाये जी. वाघाचा गोल रायते, हा लांबट हाये.’
माझ्या पुस्तिकेत हे सतराव्या पानावर येतं.

वाघ समोर आला तर काय करायचं, मी विचारलं.
पोरं एकमेकांकडे बघून हसली.
‘तुमी काय करता जी?’
मी खरं तेच सांगितलं:
मी कुलूप तपासते.

त्यानंतर लोचना निकुरे उठली. पाचवी.
रिबिनीचं एक टोक दातात धरून म्हणाली,
‘आमचा वाघ जेवते का जी?’

दोन हिवाळ्यांपूर्वी शाळेमागच्या तुरीत
सुई मारून पाडलेला, पिंजऱ्यात घालून आमच्याकडे आणलेला.
शेजारचा पोरगा हळूच म्हणाला,
हिच्या मोठ्या बाबाले त्यानंच नेलं,
मोहाच्या दिवसांत.

जेवतो, म्हटलं. रोज सात किलो. सोमवारी उपास.
‘वाघाले उपास!’ सगळं पटांगण खिदळलं.
ती हसली नाही.
‘पान्यात कुठं बसते?’
छप्पर आहे.
‘नाला?’
हौद आहे, सिमेंटचा.
‘हौद,’ ती म्हणाली,
आणि तो शब्द जरा वेळ तोंडात धरून ठेवला.

काय बोलावं सुचेना, म्हणून मोबाईलमधला फोटो दाखवला.
जाळीपलीकडे तो, पाठमोरा. अलीकडे पाटी.
तिनं बोटांनी फोटो मोठा केला. वाघ नाही, पाटी.
‘नाव चुकलं जी.’
वाघाचं?
‘गावाचं.’

पकडल्याचे ठिकाण : पिंपळटोला.
आमच्याच कार्यालयात कुणीतरी
पिपराचा पिंपळ केला होता,
घरी आलेल्या पाहुण्याच्या पोराचं तोंड
न विचारता पुसावं तसा.

परत जाताना गाडीत अर्ज भरला.
लाभार्थी संख्या त्रेचाळीस.
दाखवलेले साहित्य : नऊ नग.
विद्यार्थ्यांना काय नवीन समजले, इथं तीन ओळी जागा.
हिरामण म्हणाला, मॅडम, खड्डे आहेत, नंतर लिहा.

सोमवारी बाग बंद असते.
पत्रू सोनटक्के काळ्या रंगाची डबी घेऊन आला,
बत्तीस वर्षं या पिंजऱ्यांना मांस घालणारा माणूस.
साहेबांची परवानगी? त्यानं विचारलं.
शुद्धलेखन आहे, मी म्हटलं.
त्यानं ब्लेडनं अनुस्वार खरवडला.
ळचा र व्हायला जास्त वेळ लागला,
हात थरथरतो त्याचा, आणि र थोडा मोठाच झाला.

वाघ उपाशी होता, ओट्यावर पडलेला.
खरवडण्याच्या आवाजाला
एक कान वळवला त्यानं.
मग तोही परत फिरवला.