नऊ झालेत

बाबांची फोनची वही अजून फोनपाशीच आहे.
फोन कधीचा बंद, वायर कुणी कापून नेलेली,
पण स्टुलावर वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल,
आणि पहिल्या पानावर ठाशीव अक्षरात:
रहमिम हसाजी अष्टमकर,
चावीवाला, पाणी खातं, माझगाव.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
नऊच असले तर पुस्तकं मिटून बसायचं,
देव समोर असला तरी.
उमरखाडीच्या आमच्या सिनेगॉगात
एके काळी बाकांवर जागा नसायची म्हणे.
मला आठवतात ते दारात उभे बाबा,
माणसं मोजू नयेत म्हणून
"एक नाही, दोन नाही, तीन नाही" असं पुटपुटत
मोजणारे.

आदल्या रात्री जेवण झालं की वही उघडायची,
बोट जिभेला लावायचं, पान उलटायचं:
"सोलोमनजी, नऊ झालेत. तुमचीच कमी आहे."
मग आयझॅककाकांना, नऊ झालेत.
मग भायखळा, ठाणे, कुर्ल्याचा बहिरा डॅनियल,
त्याला तर सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं,
"नऊ! अरे, नऊ झालेत!"
पहिल्याच फोनपासून नऊ.
आई भांडी विसळताना हसायची.
वाण्याकडून चुकून जास्त आलेले चार आणे
भर दुपारी परत नेऊन देणारा माणूस,
त्याचं हे एवढं एकच खोटं,
आणि तेही देवासाठी.

पहाटे चारला खांद्यावर लोखंडी चावी घेऊन निघत,
माझ्याहून उंच.
रस्त्यातलं झाकण उचलायचं, वाकून फिरवायचं,
मग नुसतं उभं राहायचं.
"आलं," म्हणायचे, "चपलेतून कळतं."
मागोमाग गल्लीत एकेक नळ खाकरायचा,
हंडे, शिव्या, दिवस.

आमच्या पूर्वजांनी शनवारी तेलाचे घाणे थांबवले,
गावाने नाव ठेवलं, शनवार तेली.
"घाणा थांबतो गं. पाणी कसं थांबवू?"
म्हणून शनवार गफूरचाचांनी केले, बावीस वर्षं,
आणि दोन्ही ईदा बाबांनी.
हिशेब कुणीच लिहिला नाही.
शुक्रवारी संध्याकाळी काळ्या मनुकांचं सरबत,
मग आम्हा तिघांच्या डोक्यांवर पाळीपाळीने
तो जड, गंजाचा वास येणारा हात,
आशीर्वाद म्हणता म्हणता मध्येच
माझ्या केसांतली ऊ शोधणारा.

कुणी वारलं की बोलावणं बाबांनाच.
शेवटची आंघोळ, धार तुटू द्यायची नाही.
एकदा डोंगरीत मयत पाटावर आणि नळ कोरडे.
बाबांनी अवेळी चावी फिरवली.
दुपारी तीनला अख्ख्या गल्लीला पाणी,
बायका बादल्या घेऊन धावल्या, कुणाला कळेना कशाचं.
दुसऱ्या दिवशी स्वतःच रजिस्टरात लिहिलं,
मेमो घेतला,
घडी घालून फडताळात ठेवला, शेमाच्या पुस्तकाखाली.

वहीत रेघा दोन तऱ्हेच्या.
वारलेल्यांवर उभी.
लोदला, अश्दोदला गेलेल्यांवर आडवी.
"आडवे परत येऊ शकतात."
माझ्या दोन्ही भावांवर आडव्या रेघा आहेत,
धाकट्याची जरा थरथरलेली.

उद्या बाबांचं वर्ष.
मला दहात धरत नाहीत.
"मोजायलाही कुणी लागतंच की," ते म्हणायचे,
आणि मी रुसून सिसिथच्या गोंड्याला वेणी घालत बसायचे.

पहिल्या पानावर रेघ मारायला
मी पेन्सिल दोनदा उचलली. राहू दे.
मोबाइल घेते. बोट उगाचच जिभेला लावते.
पलीकडे टीव्ही, खोकला, खूप वेळाने,
"कोण?"
"अष्टमकरांची मुलगी.
उद्या सकाळी साडेसहा, काका.
हो, हो.
नऊ झालेत."