खंडेनवमी

आज उद्यमनगरात एकही पंप चालू नाही.
लेथ पुसून झाले, ड्रिलला कुंकू लागलं.
इलाही शिकलगारनं फोटो पाठवलाय :
माझ्या टेस्टिंग बेंचवर झेंडूची माळ, पान-सुपारी,
पाने आणि व्हर्नियर ओळीनं मांडलेले,
खाली लिहिलंय, "तुमची जागा मोकळी ठेवलीया, मिस्त्री."

मी इथं चौथ्या मजल्यावर, चप्पल दाराबाहेर काढून,
एका पंपासमोर बसलोय
ज्याला आज सुट्टी देता येत नाही.

मुठीएवढा. पारदर्शक.
आत एक पडदा हलतो,
पडद्याच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला माझी लेक.
तिच्या बरगडीखालून दोन नळ्या बाहेर येतात :
सक्शन, डिलिव्हरी.
एवढं मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.
डॉक्टर हसले होते, "हेड किती, असं विचारणारे
तुम्हीच पहिले वडील."

कास्टिंगात पोकळी राहिली की आम्ही
जॉबवर खडूनं फुली मारतो,
संध्याकाळी तो परत भट्टीत.
राजनंदिनीच्या हृदयाचा एक कप्पा
जन्मापासून नीट भरलाच नाही.
दोनदा उघडून शिवलं. नऊ वर्षं रेटलं त्यानं.
फुली मारायला आलेला हात
मी स्वप्नात मनगटापाशी धरलाय,
आणि तो माझाच निघालाय.

रात्री दोनला सुवार्ता सिस्टर टॉर्च घेऊन येते,
पंपाच्या कडा न्याहाळते,
मागची बाजू छोट्या आरशात.
कुठं गुठळी धरली का, पांढरा धागा दिसतो का.
मी सील तपासायचो ते असंच, डोळा बारीक करून.
आम्ही बोलत नाही.
ती मान हलवते, नाही.
मग मला झोप येते.

वैजयंतानं पहिल्या दिवशी सवयीनं
पोरीच्या छातीला कान लावला,
मग उचलून पंपापाशी नेला.
तेव्हापासून ती खुर्ची मधेच कुठंतरी ओढून बसते.

हा पंप भाड्याचा.
खरं हृदय येईपर्यंत.
कुठून येईपर्यंत, ते आमच्यात कुणी विचारत नाही.
परवा रंकाळ्याच्या कठड्यापाशी गाडी थांबवून
जोतिबाच्या डोंगराकडं हात जोडले,
"लवकर" म्हणालो,
आणि पुढचा शब्द घशातच राहिला.
त्या 'लवकर'च्या पलीकडं कुणाचं तरी घर होतं,
दाराशी सायकल आडवी पडलेली,
आणि एक पोर ताटातली वांगी बाजूला सारत बसलेलं.
देवा, त्याला जेवू दे.
एवढंच म्हणालो. किक मारली.
आल्यावर पोरीच्या डोळ्यांकडं बघवेना.

आज सकाळी रुमालात झेंडू बांधून आणला.
"फुलं चालणार नाहीत," सिस्टर म्हणाली.
कुंकू नाही. उदबत्ती तर नाहीच.
राजनंदिनी उशीला टेकून ऐकत होती.
"मग ह्याची पूजा व्हायची न्हाई?"
"बाळ, आज सगळ्या मशिनी बंद करून पुसत्यात. ही बंद..."
"बंद कशाला? चालूच पुसा की."

सिस्टरनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून दिला.
पोरीनं केशरी स्केचपेननं फूल काढायला घेतलं,
पहिली पाकळी मोठी, पुढच्या घाईत,
पाचवीला दमली.
उरलेल्या मी काढल्या. त्या वेगळ्या दिसतात,
ड्रॉइंग काढल्यासारख्या, सगळ्या एका मापाच्या.
मायक्रोपोरच्या पट्टीनं ते चाकांच्या पेटीवर चिकटवलं,
आकडे झाकणार नाहीत असं.

"पप्पा, ह्याची गॅरंटी किती?"
आमच्या पंपाला एक वर्ष, बिलावर शिक्क्यासकट.
"कागद बघून सांगतो," म्हणालो.

पंप भरला. रिकामा झाला. भरला.
मी फडकं ओलं करून पिळलं
आणि पेटी पुसायला घेतली,
चालूच.