लिफ्टमधला फळा

फहाहीलच्या आमच्या इमारतीत लिफ्टमध्ये
एक हातभर पांढरा फळा आहे.
लावला होता ‘लिफ्ट बंद आहे’ असं लिहायला.
पण लिफ्ट बंद पडली की फळाही
पाचव्या-सहाव्याच्या मध्ये अडकलेला;
वाचणार कोण?

मग बशीरभाई हजवाने, बाणकोटचे,
आमचे हारिस, म्हणजे राखणदार, प्लंबर आणि पंच,
त्यावर रोजचा दिवस लिहू लागले.
वार नव्हे. दिवस.
वर इंग्रजी, मध्ये अरबी, बकाल्यातल्या पोराकडून तपासून,
आणि अगदी तळाशी मुंगीच्या अक्षरात
मराठी.
बेचाळीस बिऱ्हाडांत मराठी वाचणारे
ते आणि मी.

रविवारी: आज जागतिक बटण दिन.
खाली दोऱ्याला टांगलेलं एक निळं बटण.
संध्याकाळी बटण गेलं, दोऱ्याला टॉफी आली.
सोमवारी: एकट्या मोज्याचा दिन.
मंगळवारी: दुसऱ्याची छत्री परत करा दिन.
(इथे छत्री! तीही परत आली.)

मी शहाणी. मोबाइलवर शोधलं.
जगाच्या कुठल्याच यादीत यातला एकही दिवस नाही.
विचारलं, तर म्हणाले,
“ताई, जगात नसेल. जिन्यात होता.”

शुक्रवारी मनोरंजन.
तिसऱ्या मजल्यावरच्या मिसरी बाईंच्या मालिकेत
नायिकेची स्मृती परत आली;
आता नवऱ्याची गेली आहे.
सातव्यावरच्या फिलिपिनो नर्सनं
कराओकेचा माइक घेतला आहे.
दुपारी झोपणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

घरगुती युक्त्या मात्र फक्त तळाच्या ओळीत.
‘खुबूस वाळला? पाण्याचा हबका, मंद तवा, वर झाकण.’
‘धूळ येतेय. आधी दोरीवरचे कपडे काढा,
मग आभाळ बघत बसा.’
आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात:
‘आजपासून गीझर बंद.
गार पाणी हवं तर गरम नळ सोडा.’

मी हसले. मग सोडला.
गार!
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात उकळते,
गीझर बिचारा न्हाणीघरात, एसीच्या वाऱ्याला.
नऊ उन्हाळे मी रात्री बादल्या भरून ठेवत होते
आणि गारवा होता
चुकीच्या नळामागे.
सांगलीला फोन केला, तर नणंद म्हणाली,
“तिकडं लिहितातच उलटं,
नळांनी काय घोडं मारलंय?”

ऑगस्टात बशीरभाई दीड महिना गावी गेले.
फळा कोरा. लिफ्टमध्ये सगळे
एकमेकांकडे बघायला लागले, फार अवघड.
चौथ्या दिवशी कुणीतरी एक मांजर काढलं.
मग मिसरी बाईंनी नवऱ्याच्या स्मृतीची बातमी दिली,
नर्सनं माइक रंगवला,
दुसऱ्यावरच्या केरळी पोरानं लिहिलं:
आज गणित न येणाऱ्यांचा दिन.

श्रीरंग रिगवर, अठ्ठावीस दिवस वाळवंटात.
घरात बोलायला मी आणि मिक्सर.
एका रात्री मी खाली गेले
आणि तळाशी लिहिलं:
‘साबुदाणा भिजवताना पाणी वर फक्त बोटाच्या पहिल्या पेराइतकं.’
वाचणारा बाणकोटात.
लिहिलं तरी.

रोज फळा पुसला जायचा, रोज नवा भरायचा.
माझ्या ओळीला कुणी हात लावला नाही.
नंतर कळलं, सगळ्यांना वाटलं होतं
काहीतरी महत्त्वाचं असणार,
बहुतेक दुआ.

बशीरभाई परतले. बॅग खांद्यावर,
चष्मा वर करून त्यांनी ओळ वाचली,
मान डोलावली. “आमच्यात करत नाहीत. बघतो करून.”

दुसऱ्या दिवशी:
आज चिकट खिचडी दिन.
आणि खाली, मुंगीच्या अक्षरात:
‘ताई, कुणाच्या बोटाचं पेर?’