नकाशातलं भोक

आर्वीच्या पुढं, बोरखेडीच्या शाळेत
जगाचा एकच नकाशा होता,
त्यालाही वाळवी लागलेली.
आफ्रिकेच्या कडेला रुपयाएवढं भोक,
भोकातून भिंतीचा चुना दिसायचा.
"सर, इथं काय हाये?"
भोंगाडे सर छडीचं टोक तिथं टेकवत.
"देश हाये लेका. मानसं राह्यतेत.
आपल्याले दिसत नाही, त्याले ते काय करतीन?"

दोन पोट्टे भांडले की सर मारत नसत.
"तू त्याचं सांग. मंग तो तुयं सांगन."
माझा दात पाडणाऱ्या सुभानची बाजू
मी रडत रडत मांडली होती,
आणि मधेच हसू फुटलं,
सगळ्या वर्गाला खिडकी दिसली.

तलावाच्या पाण्यावरून वरचं गाव, खालचं गाव
काठ्या घेऊन बसलं, तेव्हाही तेच.
रात्री दोनला चहापत्ती संपली,
मग नुसतंच गरम पाणी.
खालच्यांचा म्हातारा वरच्यांची तहान सांगताना
थांबला, आणि पुढं बोललाच नाही.
सकाळी लोक म्हणाले, सर, उभे राहा.

पहिल्यांदा पडले. डिपॉझिटही गेलं.
नोकरी सोडलेली, तरी सोमवारी आले,
फळ्यावर तारीख लिहिली
आणि निघून गेले.

दुसऱ्यांदा दिल्ली.
वर्ध्याच्या फलाटावर पितळी डबा,
आत जवसाची चटणी, वर कुणाचा तरी हार.
सभागृहात म्हणे बोलायला उठले
की आधी समोरच्यांचं म्हणणं सांगत,
समोरच्यांहून नीट.
पक्षातले चिडत.
त्या खोडीपायी मंत्री काही झाले नाहीत.
राजदूत झाले.
कुठं, तर तिथं. भोकात.

आता त्या खोलीत मी शिकवतो.
त्यांच्या पहिल्या पत्रावरचं तिकीट
वाफेवर धरून सोडवलं.
हिरवा पक्षी, लांब चोच.
खळ लावून भोकावर चिकटवलं
आणि मोठ्या ऐटीत कळवलं.

उत्तर यायला एकवीस दिवस लागले.
"तिकीट भोकापेक्षा मोठं असेल.
पूर्वेकडच्या शेजाऱ्याचा किनारा झाकला गेला का, पाहा.
त्यांची माणसं काल माझ्याकडे जेवायला होती.
कातरून लाव.
सुभान कुठं असतो?"

शाळा सुटल्यावर कातर घेऊन बसलो.
किनारा मोकळा झाला.
पक्ष्याची चोच गेली.