काळा ठिपका

परभणीत मे महिन्यात
दुपारी दोनचं ऊन तलावात उतरतं
आणि सकाळी टाकलेलं क्लोरीन पिऊन जातं.
पाचला पोरं येतात तेव्हा
पाणी नुसतं पाणी.

मोंढ्यात कलीमभाईनं दोन डबे पुढं ठेवले.
स्टॅबिलायझर. भुकटी स्वस्त, दाणा महाग.
"भुकटी नाकात जाते, दाणा न्या," म्हणाला,
"लाख लिटरला तीन किलो."

विरघळायला भलतं आळशी.
माझ्या जुन्या पायमोज्यात भरलं,
पाणी आत येतं त्या तोंडाशी बांधलं,
जाता-येता पिळत राहिलो
आटलेल्या म्हशीच्या सडासारखं.

आठव्या दिवशी नळीत नमुना ओतत गेलो.
तळाचा काळा ठिपका
दुधाळ पाण्यात दिसेनासा झाला
तिसाच्या रेघेच्या जरा वरच.
म्हणजे कमीच. चालेल.

कमी असलं तर उद्या वाढवता येतं.
जास्त झालं तर ऊन ते खात नाही,
वारा नेत नाही,
पाणीच सोडून द्यावं लागतं गटारीत.

आणि भिंतीपलीकडं
सुंद्राबाईच्या सात घागरी
सकाळपासून टँकरच्या रांगेत.

अर्धा किलो अजून डब्यातच आहे.